जुन्या पद्मिनीला लावलेला आरपीएम मीटर घरीच कॅलिब्रेट करता येईल का?

पद्मिनी_नाशिक

नमस्कार मंडळी, बाबांची ८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिन ओरिजिनल १०८९ सीसीचंच आहे आणि गाडी अजून रोज चालते. तिला आरपीएम मीटर (इंजिन मिनिटाला किती फेऱ्या फिरतं ते दाखवणारा) नव्हता, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून एक बाहेरचा गोल मीटर आणून स्टिअरिंगच्या शेजारी बसवला. तीन तारा आहेत, लाल प्लसला, काळी अर्थला आणि हिरवी ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या मायनसला. चालतो, पण आकडे पटत नाहीत. गाडी नीट गरम झाली की स्लोला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, काटा सव्वापाचशेच्या आसपास असतो, पण इंजिन एकदम एकसारखं चालतंय, खरंच इतकं खाली असतं तर थरथरून बंद पडलं असतं ना? आणि सेकंडला चांगली रेस देऊन इंजिन ओरडायला लागलं तरी काटा तीन हजाराच्या वर जायला तयार नाही.

मला कार्ब्युरेटरचा स्लो आणि टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) स्वतः सेट करायचंय, त्यासाठी निदान मीटरवर विश्वास तरी ठेवता आला पाहिजे. एक व्हिडिओ बघितला, त्यात तो माणूस घरातल्या ट्रान्सफॉर्मरला मीटर जोडून काटा ३६०० वर आणतो आणि म्हणतो झालं कॅलिब्रेशन. हे खरंच असं होतं का? आपल्याकडे चालेल का? महागडी उपकरणं घ्यायची नाहीत, सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं, मल्टिमीटर आहे.

सोल्डरगन

होतं, आणि फार छान होतं. पण तो ३६०० चा आकडा आधी डोक्यातून काढून टाका, त्याबद्दल खाली लिहितो.

आधी मीटर नक्की काय मोजतो ते बघा. त्याला इंजिन फिरताना दिसत नाही, त्याला फक्त कॉइलवरचे ठोके दिसतात. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते, म्हणजे चार सिलिंडरला एका फेरीत दोन ठोके. हिशोब करायचा तर सेकंदाला जितके ठोके, म्हणजे जितके हर्ट्झ, त्याला ३० ने गुणलं की आरपीएम. ५० हर्ट्झ म्हणजे १५००, १०० हर्ट्झ म्हणजे ३०००. आता ५० हर्ट्झ कुठे मिळतं? तुमच्या भिंतीतल्या प्लगमध्ये, फुकट. आणि ते भरपूर अचूक असतं, ग्रिड कोडप्रमाणे फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते, जरा वरखाली झाली तरी १५०० ला तीनचार आरपीएमचा फरक, तेवढं डायलवर दिसणारही नाही. नव्वदच्या दशकात हे इतक्या खात्रीने सांगता आलं नसतं, तेव्हा फ्रिक्वेन्सी बरीच खाली जायची. २०१३ च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेचं ग्रिडही बाकी देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून नाशिकच्या आणि चेन्नईच्या प्लगमध्ये एकच फ्रिक्वेन्सी असते. मला ही गोष्ट फार आवडते, कुठल्याही लॅबमध्ये न जाता इतकं चांगलं स्टँडर्ड घरात आहे आणि आपण त्यावर फक्त मिक्सर फिरवतो.

फक्त एक, लाईट गेलेली असताना इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर हे करू नका, तिथे ५० ची काही गॅरंटी नाही.

जोडणी सांगतो. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर घ्या, ५०० मिलीअँपचा पुरतो, दोनशेच्या आसपास मिळेल. दोन्ही टोकांच्या १२ ला एकेक डायोड, १एन४००७ चालेल, दोन्ही डायोडची पट्टीवाली बाजू एकत्र जोडा, तिथून मीटरची हिरवी तार. मधलं शून्य अर्थला. हिरवी तार आणि अर्थ यांच्यामध्ये १ के, म्हणजे हजार ओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर टाका, तो विसरू नका, नाहीतर व्होल्टेज मध्ये शून्यापर्यंत उतरत नाही आणि मीटरला ठोके वेगळे कळत नाहीत. मीटरचा लाल आणि काळा बॅटरीवर किंवा १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर, काळा आणि ट्रान्सफॉर्मरचं शून्य एकत्र. आता दोन्ही डायोड जोडलेले असतील तर १०० हर्ट्झ, काटा ३००० ला पाहिजे. एक डायोड सुटा केला की ५० हर्ट्झ, काटा १५०० ला. एवढंच.

२३० ची बाजू नीट बंद डबीत ठेवा, फ्यूज लावा, आणि काय वाट्टेल ते झालं तरी मीटरची कुठलीही तार थेट मेन्सला लावायची नाही, मध्ये ट्रान्सफॉर्मर पाहिजेच.

एडिसनकर

३६०० बद्दल मी सांगतो, मी न्यू जर्सीत असतो. इथे मेन्स ६० हर्ट्झचं आहे, त्यामुळे इथल्या व्हिडिओत चार सिलिंडरला १८०० आणि ३६०० हेच आकडे येतात, आणि व्ही-एट गाड्या भरपूर, त्यांना ९०० आणि १८००. तो माणूस बरोबरच सांगतोय, पण त्याच्या घरासाठी. तुम्ही नाशिकला ट्रान्सफॉर्मर लावून काटा ३६०० वर आणलात तर मीटर कायमचा २० टक्के जास्त दाखवेल, ८०० चा स्लो तुम्हाला ९६० दिसेल आणि तुम्ही तो अजून खाली आणत बसाल. इंटरनेटवरचं असलं काही बघताना पहिले सॉकेट कुठल्या देशाचं आहे ते बघत जा.

गॅरेजगप्पा

इतकं कशाला करायचं, मल्टिमीटरला हर्ट्झचा मोड असेल तर थेट कॉइलच्या मायनसला लावा, आकडा वाचा, ३० ने गुणा, मीटरशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम.

उद्यमनगरकर

भावा असं सांगू नकोस कुणाला, मल्टिमीटर जाईल. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला कॉइलचा करंट तोडणारा स्विच, उघडतो तेव्हा कॉइलच्या मायनसला १२ व्होल्ट नसतात, क्षणभर दोनतीनशे व्होल्टचा झटका येतो, त्याच्या वरही जातो. स्वस्तातल्या मल्टिमीटरचा हर्ट्झ मोड त्याच्यासाठी बनवलेलाच नसतो. करायचंच असेल तर एका प्लगच्या जाड वायरवर इन्सुलेशनवाली पातळ तार पाचसहा वेढे गुंडाळा, तिचं एक टोक मोकळं सोडा, दुसरं मल्टिमीटरला, काळी प्रोब इंजिनला. तांबं कुठेही उघडं नको. एकाच प्लगची वायर घेतलीत तर दोन फेऱ्यांत एक ठोका, म्हणून हर्ट्झला १२० ने गुणायचं, ३० ने नाही. सगळ्या मल्टिमीटरला हे पकडता येत नाही, पण ज्याला येतं त्याला बरं येतं.

आता मूळ प्रश्नाला येतो. सोल्डरगन दादांनी टेबलावरची पद्धत सांगितली ती एक नंबर आहे, पण गाडीवर बसवल्यानंतर इंजिन खरंच किती फिरतंय ते दुसऱ्या कुठल्यातरी मार्गाने बघितल्याशिवाय मी तरी गप्प बसत नाही. आमच्याकडे लेथवर काम करणारे जुने लोक ट्यूबलाईटखाली बघायचे तीच पद्धत. क्रँकच्या पुलीवर, म्हणजे खालच्या मोठ्या पुलीवर, अल्टरनेटरच्या नाही, ती वेगळ्या स्पीडने फिरते, तर त्या पुलीच्या तोंडावर पांढऱ्या रंगाचे चार सारखे पट्टे मारा, पांढरा जितका रुंद तितकाच काळा मध्ये सोडा, म्हणजे आठ भाग झाले. संध्याकाळी गाडी आत घ्या, शटर पूर्ण उघडं ठेवा नाहीतर धूर कोंडतो, आणि वर फक्त चोकवाली जुनी ट्यूब लावा. एलईडी ट्यूब चालत नाही, चांगल्या एलईडीला तो फ्लिकरच नसतो. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. इंजिन बरोबर १५०० ला आलं की एका उजेडापासून दुसऱ्या उजेडापर्यंत पुली पाव फेरी फिरते, म्हणजे एका पट्ट्याच्या जागी दुसरा पट्टा येऊन बसतो आणि सगळे पट्टे जागच्या जागी थांबलेले दिसतात. इंजिन जरा जोरात असेल तर पट्टे फिरण्याच्या दिशेने हळूहळू सरकतात, कमी असेल तर उलटे. अ‍ॅक्सिलरेटरच्या स्क्रूने पट्टे उभे करायचे आणि मीटर वाचायचा, तिथे १५०० पाहिजे. रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीच्या कडेला ठिपके असतात ना, ५० हर्ट्झला १८० ठिपके, ३३ चा स्पीड बरोबर आला की ते थांबतात, तेच तत्त्व आहे.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा. पट्टे थांबलेले दिसले तरी पुली थांबलेली नाही!! पंख्याचंही पातं त्या उजेडात कधीकधी उभं दिसतं. शर्टाची बाही, मफलर, साखळी, हात, काहीही जवळ न्यायचं नाही. लांब उभं राहून बघायचं. वर्कशॉपमध्ये फिरत्या मशीनवर एकाच ट्यूबचा उजेड ठेवत नाहीत ते याच कारणाने.

पद्मिनी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रान्सफॉर्मर आणून जोडणी केली. दोन्ही डायोडवर काटा १८५० दाखवतो, एका डायोडवर ९२५ च्या आसपास. म्हणजे कमी दाखवतो हे नक्की झालं, पण इतका? ३००० च्या जागी १८५०? मीटरच्या मागे एक रबरी बूच आहे, ते काढलं तर आत बारीक निळा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) दिसतो. तो फिरवून १८५० चे ३००० करू का?

सोल्डरगन

थांबा थांबा, प्रीसेटला हात लावू नका अजून. हे आकडे फार बोलके आहेत.

पहिली गोष्ट, १०० हर्ट्झचा आकडा ५० हर्ट्झच्या बरोबर दुप्पट आलाय, म्हणजे मीटर सरळ रेषेत चालतोय, आतून बिघडलेला नाही. फक्त त्याचा गुणक चुकलाय. दुसरी गोष्ट, असे बाहेरचे मीटर बरेचदा ४, ६, ८ सिलिंडरसाठी बदलता येतात. सहा सिलिंडरला एका फेरीत तीन ठोके असतात, म्हणून ६ वर ठेवलेला मीटर तुमच्या चार सिलिंडरच्या गाडीवर खऱ्याच्या दोन तृतीयांश दाखवणार, ३००० चे २०००. आठवर असता तर निम्मे, १५०० दाखवले असते. तुमचे १८५० हे २००० च्या जवळ आहेत. मला वाटतं मीटर ६ वर आहे आणि त्याशिवाय वयामुळे साडेसात टक्के खाली आलाय. दोन वेगवेगळ्या चुका एकावर एक बसल्यात.

काच आणि रिंग काढून मागचा बोर्ड बघा, छोटा सरकता स्विच असेल, नाहीतर एखादी तारेची लूप कापायची असते, बाजूला ४ ६ ८ लिहिलेलं असतं. आधी ते ४ वर करा, मग परत ट्रान्सफॉर्मर लावा, तेव्हा २७७५ च्या आसपास यायला हवं. मग प्रीसेटने ३००० करा. प्रीसेटनेच सगळं ओढायला गेलात तर तो टोकाला जाईल, आणि टोकाला गेलेला प्रीसेट गाडीच्या हादऱ्यांनी कुठेही सरकतो.

हे साडेसात टक्के कुठून आले विचाराल तर, या जुन्या मीटरच्या आत प्रत्येक ठोक्याला एक ठरावीक मापाचा करंटचा घोट काट्याच्या कॉइलला दिला जातो, जितके घोट जास्त तितका काटा वर. घोट किती मोठा ते एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर मिळून ठरवतात. तीसपस्तीस वर्षांत कपॅसिटर सुकतो, घोट लहान होतो. हात घातलाच आहे तर तो कपॅसिटर पॉलिस्टरचा नवा टाका, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, मग परत प्रीसेट. आणि अजून एक बघाच, मीटरचा पुरवठा १२ वरून १४ व्होल्टवर नेऊन काटा हलतो का. गाडी चालू असताना १४ च असतात. हलला तर आतला झेनर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड, गेलाय, तो बदलल्याशिवाय कॅलिब्रेशनला काही अर्थ नाही, हेडलाईट लावला की आरपीएम बदललेला दिसेल.

सेट झालं की प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब.

पद्मिनी_नाशिक

अगदी तसंच निघालं दादा! स्विच ६ वर होता, ४ वर केला तर २७५० ते २८०० च्या मध्ये आला. कपॅसिटर बदलला, १४ व्होल्टला काटा हलत नाही, ३००० आणि १५०० दोन्ही बरोबर बसले. उद्यमनगरकरांच्या ट्यूबखाली पण बघितलं, पट्टे थांबले तेव्हा काटा १५०० च्या रेषेवर होता, ते दृश्य खरंच बघण्यासारखं आहे. स्लो आता ८५० दाखवतो आणि कानालाही तसंच वाटतं.

एकच राहिलं. चार हजाराच्या वर रेस दिली की काटा थरथरतो, दोनतीनशे वरखाली. मीटरच खराब आहे का हा?

विमानछंद

हे ओळखायला फोन वापरा. मी रेडिओवरची छोटी विमानं उडवते, आमच्याकडे प्रोपेलरचा आरपीएम मोजायला उजेडावर चालणारा छोटा मीटर असतो आणि तो दोन पात्यांवर ठेवून ट्यूबलाईटकडे धरला की ३००० दाखवायला हवा, तीच आमची रोजची तपासणी. त्यामुळे सोल्डरगन यांचं मेन्सचं प्रेम मला अगदी पटतं. पण मेन्सने दोनच बिंदू मिळतात. वरचे बिंदू पाहिजेत तर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, स्क्वेअर वेव्ह निवडा, आवाज फुल. हेडफोनच्या जॅकमधून जेमतेम एखादा व्होल्ट मिळतो, मीटरला तो पुरत नाही, म्हणून मध्ये एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर टाका. बेसला १ के मधून फोन, एमिटर अर्थला, कलेक्टरला १ के मधून १२ व्होल्ट, आणि कलेक्टरवरून मीटरची हिरवी तार. बेस आणि एमिटरमध्ये एक १एन४१४८ उलटा लावा, उलट्या लाटेने ट्रान्झिस्टर खराब होत नाही. फोनच्या आतलं क्रिस्टल इतकं अचूक असतं की त्याची चिंताच नको.

३० हर्ट्झला ९००, १५० ला ४५००, २०० ला ६०००. १५० लावा आणि बघा. टेबलावर काटा शांत राहिला तर मीटर निर्दोष आहे, दोष गाडीत आहे.

उद्यमनगरकर

ताईंनी बरोबर सांगितलं. आणि टेबलावर शांत राहिला तर सरळ डिस्ट्रिब्युटर उघडा. पॉइंटची स्प्रिंग ढिली झाली की वरच्या स्पीडला पॉइंट उडतो, एका ठोक्याच्या जागी कधी दोन होतात, कधी एखादा गळतो, मीटर बिचारा जे येतं ते दाखवतो. पॉइंट नवा, गॅप फीलर गेजने, आणि सोबत कंडेन्सरही बदला, जुन्या कंडेन्सरने पॉइंटवर जळकट खड्डा पडतो. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने हलवून बघा, बुश झिजला असेल तर नवा पॉइंट टाकूनही गॅप फिरत राहणार.

टायमिंगला हात हे सगळं झाल्यावरच लावा, पॉइंटची गॅप बदलली की टायमिंगही बदलतं.

पद्मिनी_नाशिक

टेबलावर १५० ला काटा हलत नाही, एकदम स्थिर. मग पॉइंटच. उद्या आणतो, कंडेन्सरसुद्धा.

आठशेप्रेमी

याच धाग्यात विचारतो, माझ्याकडे कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे, तिला असाच ४ ६ ८ चा मीटर लावलाय, ३ चा पर्यायच नाहीये त्यात. मी कुठे ठेवू? आणि घरात एक २०१६ ची गाडी पण आहे, तिच्या मीटरचं पण असं करता येतं का?

सोल्डरगन

८०० चं इंजिन ७९६ सीसीचं तीन सिलिंडर, एका फेरीत दीड ठोका. म्हणून तुमच्याकडे हर्ट्झला ४० ने गुणायचं, एका डायोडवर २०००, दोन्हीवर ४०००. सगळ्यात सोपं म्हणजे स्विच ६ वर ठेवा, मीटर बरोबर निम्मं दाखवेल, दोन्ही डायोडवर काटा २००० ला आणून सेट करा आणि वाचताना दुप्पट करा. काही जण डायलवर नवे आकडे छापून चिकटवतात, ते उत्तम. ४ वर ठेवलात तर खऱ्याच्या पाऊण दाखवेल, तिथून प्रीसेटने ओढता येतंय का बघा, आलं तर डायल आहे तसाच वाचता येईल, पण बऱ्याच मीटरच्या प्रीसेटमध्ये तेवढी जागा नसते.

२०१६ च्या गाडीत काटा गाडीचा कॉम्प्युटरच चालवतो, तिथे फिरवायला प्रीसेट नसतो. ओबीडीच्या, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या, सॉकेटमध्ये ईएलएम३२७ चा ब्लूटूथ डोंगल लावा, फोनवर आकडा बघा. क्रँकच्या सेन्सरवरून येतो तो, पाव आरपीएमच्या पायरीने. काटा आणि तो आकडा जुळत नसेल तर काटा चुकीचा.

आठशेप्रेमी

समजलं, ६ वर ठेवून दुप्पट. शनिवारी ट्रान्सफॉर्मर आणतो. ट्यूबखाली बघायचं असेल तर पुलीवर पट्टे चारच का? तीन सिलिंडर आहे म्हणून विचारतोय.

उद्यमनगरकर

चारच. पट्ट्यांचा सिलिंडरशी काही संबंध नाही, ते फक्त पुली आणि ट्यूब यांच्यातलं गणित आहे, १५०० ला चार. ६ वर ठेवलेल्या तुमच्या मीटरचा काटा तेव्हा ७५० ला असेल. १००० ला बघायचं असेल तर मात्र सहा पट्टे मारा.